‘आपणच सोडवायला हवं याला’: एका काकांच्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पुतण्या नऊ वर्षांचा. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. मान धरत नाही, बोलत नाही, दिवसाला चार-पाच झटके येतात, भरवताना ठसका लागतो. गेले तीन महिने तो रात्र रात्र रडतो. परवा वहिनी तुमच्यासमोर म्हणाल्या, “देव सोडवत नसेल तर आपणच सोडवायला हवं याला.” तुम्हाला कायदा माहीत आहे. तुम्ही विचारताय ते वेगळं: हे मनात येणंच पाप आहे का? आणि डॉक्टर व्हेंटिलेटर काढतात ते चालतं, तर वेदनेतून सोडवणारं एक इंजेक्शन का चालत नाही?

मी मुलांची डॉक्टर. ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा मुलांचं दुखणं आवाक्यात ठेवायचं, हे माझं गेल्या बावीस वर्षांचं काम. माझं मत आधीच सांगून टाकते. जगवण्यासाठी हाती येईल ते सगळं करत राहायचं बंधन कुणावर नाही. मारायचा अधिकार मात्र कुणालाच नाही, आईलासुद्धा. या दोन्हींच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे, आणि तुमच्या पुतण्याच्या बाबतीत ती अजून कुणी धड तपासलेलीच नाही असा मला दाट संशय आहे. तो का, ते खाली येईल.

आधी शब्दांचा घोळ. या विषयावर बोलताना लोक सर्रास ‘इच्छामरण’ म्हणतात. तो शब्द इथे लागूच पडत नाही. इच्छामरणाला इच्छा लागते, आणि तीही मरणाऱ्याची. भीष्म शरशय्येवर उत्तरायणाची वाट बघत थांबले ते स्वतःच्या मरणासाठी. तुमच्या पुतण्याने काही मागितलेलं नाही. इथे प्रश्न दयामरणाचा आहे: दया एकाची, मरण दुसऱ्याचं. शुद्धीवर असलेल्या, कॅन्सरने पोखरलेल्या मोठ्या माणसाने स्वतःसाठी मृत्यू मागावा का, यावर मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकेन. पण त्या वादातले युक्तिवाद उचलून या मुलाला चिकटवले की गफलत होते, कारण तिथे सगळा डोलारा त्या माणसाच्या संमतीवर उभा असतो.

दुसरा शब्द ‘सुटका’. कुणी दीर्घ आजाराने गेलं की आपण म्हणतो, “सुटला बिचारा.” आणि थोड्या वेळाने हलक्या आवाजात, “घरचेही सुटले.” त्यात वाईट काही नाही, खरंच असतं ते. पण वहिनींच्या वाक्यात मला तीन वेगळी दुःखं एकाच पिशवीत भरलेली दिसतात. मुलाचं दुखणं. तीन महिने न झोपलेलं त्यांचं स्वतःचं शरीर. आणि ‘आमच्या मागे याचं कोण करणार’ ही भीती, जी नऊ वर्षं घरात मुक्कामाला आहे. तिन्ही खरी आहेत. फक्त मुलाचा जीव घेण्याचं समर्थन करताना नेहमी पहिलं पुढे केलं जातं, आणि निर्णय बहुतेक वेळा उरलेली दोन घेतात. हा आरोप नव्हे. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांनी हे स्वतःच ओळखून सांगितलंय. मनात असं येणं पाप आहे का, याचं माझं उत्तर: नाही. अशा मुलांच्या आयांशी जरा मोकळं बोललं की हा विचार कधी ना कधी बाहेर येतोच.

आता माझा संशय. तुम्ही लिहिलंत ‘तीन महिने’, आणि मी तिथेच थांबले. सेरेब्रल पाल्सी नऊ वर्षांची आहे, रडणं तीन महिन्यांचं. मेंदूला झालेली ती इजा आपणहून वाढत नसते. मग तीन महिन्यांपूर्वी नवीन काय घडलं? न बोलणारं मूल रडायला लागलं की त्याच्या रडण्यालाही आपण त्याचा आजारच समजून बसतो. प्रत्यक्षात कारणं अगदी साधी निघतात: कित्येक दिवसांचा बद्धकोष्ठ, पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं, किडलेली दाढ, कानातला संसर्ग, मूतखडा, स्नायूंचे पेटके. खुबा निखळणं तर या मुलांत फार आढळतं, कारण ताठ स्नायू वर्षानुवर्षं हाड ओढत राहतात. हाडं इतकी ठिसूळ असतात की कपडे बदलताना मांडीचं हाड मोडलं आणि कुणाला कळलं नाही, असंही होतं.

एक अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. चार महिने रात्री रडणं. आधीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, “अशी मुलं रडतातच, सवय करून घ्या.” आईवडिलांच्या तोंडी जवळजवळ तुमच्या वहिनींचंच वाक्य होतं. मी आईला म्हटलं, हिचं लंगोट बदला, मी नुसती बघते. डावा पाय बाजूला नेला की तिचं तोंड वाकडं व्हायचं आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटायची. एक्स-रेत डावा खुबा पूर्ण निखळलेला. तोंड उघडून बघितलं तर मागच्या दाढेखाली गळू. पोट चाचपलं तर मळाचे खडे हाताला लागत होते. दाढ काढली, पोट साफ केलं, स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन सुरू केलं, वेदनेचं औषध घड्याळ लावून दिलं, खुब्याची शस्त्रक्रिया पुढे दोन महिन्यांनी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपली. तिचे वडील फाइल घ्यायला आले तेव्हा दारातच उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, आम्ही काय करायला निघालो होतो.”

सगळ्या गोष्टी अशा शेवटाला जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण नैतिक चर्चा सुरू करण्याआधी एक्स-रे झालेला असावा, एवढं तरी मागायला हवं. न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं मोजताही येतं. फ्लॅक नावाची मोजपट्टी आहे: चेहरा, पाय, शरीराची हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. तिच्या सुधारित रूपात आईवडील आपल्या मुलाच्या खास खुणा घालतात, आणि तोच तिचा खरा उपयोग. माझ्याकडच्या एका मुलाला दुखलं की तो हसायचा. आजीखेरीज ते कुणालाच माहीत नव्हतं.

या प्रश्नावर खूप चर्चा झालेला एक खटला कॅनडातला आहे आणि तो तुमच्या पुतण्याच्या परिस्थितीला फार जवळचा आहे. सस्कॅचवानमधले शेतकरी रॉबर्ट लॅटिमर यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ट्रेसीला, मारलं. तिला तीव्र सेरेब्रल पाल्सी होती, दिवसाला पाच-सहा झटके, वजन अठरा किलोच्या आसपास. खुब्याच्या वेदना होत्या आणि पुढच्याच महिन्यात शस्त्रक्रिया ठरलेली होती. बापाला तो मुलीच्या देहावरचा आणखी एक अत्याचार वाटला. दुसरा काही इलाज नव्हता, म्हणून अगतिकतेने केलं, असा त्यांचा बचाव. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि दहा वर्षं पॅरोलविना जन्मठेप कायम केली. अनेकांची सहानुभूती बापाकडे होती. माझीही थोडी आहे. त्या माणसाला मुलीचा कंटाळा आला होता असं मला वाटत नाही. पण निकालातले दोन तपशील मला सोडत नाहीत. वेदनाशामकं झटक्यांच्या औषधांशी जमत नव्हती आणि तिला गिळणं कठीण होतं, म्हणून ती नीट देता येत नव्हती. पोटात नळी बसवली असती तर पोषण सुधारलं असतं आणि कदाचित औषधंही जास्त परिणामकारक देता आली असती. तो पर्याय पुढे आला होता, घेतला नव्हता. आणि दुसरा: ट्रेसीला संगीत आवडायचं, शेकोटी आवडायची, सर्कस आवडायची, खास बटण दाबून ती स्वतः रेडिओ लावायची. दुखणं होतं तसं हेही होतं. मृत्यूने दुखण्याबरोबर रेडिओही बंद केला.

तुमचा खरा टोकदार प्रश्न व्हेंटिलेटरचा. तुम्ही एकटे नाही. १९७५ मध्ये जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञाने नेमका हाच मुद्दा मांडला होता: मरू देणं आणि मारणं यांत नुसत्या कृतीमुळे नैतिक फरक पडत नाही, आणि मरू देणं कित्येकदा जास्त क्रूर असतं, कारण त्याला वेळ लागतो. युक्तिवाद भक्कम आहे. उपचार थांबवून बाळाला उपाशी, तडफडत ठेवणारा डॉक्टर ‘मी तर काहीच केलं नाही’ म्हणून हात झटकत असेल, तर रेचल्सचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. यंत्र काढल्यावर मूल स्वतःच्या श्वासावर जगलं, तर मला काय वाटेल? मला आनंद होईल. माझा बेत फसला असं वाटणार नाही. अमेरिकेत कॅरेन क्विनलन या तरुणीचं व्हेंटिलेटर १९७६ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर काढलं, आणि ती पुढे १९८५ पर्यंत जगली. कुणाचं काही चुकलं नव्हतं. ओझं होतं ते यंत्राचं, ते दूर केलं होतं. इंजेक्शनचं तसं नाही. ते देऊनही मूल जगलं, तर मला दुसरी सिरिंज भरावी लागेल. तिथे कळतं की मला काय हवं होतं. मॉर्फिन या जालीम वेदनाशामकाचंही हेच. मी ते दुखणं थांबेल इतपत, हळूहळू वाढवत देते. रीतसर दिलं तर ते सहसा आयुष्य कमी करतही नाही, ही भीती डॉक्टरांच्यातही उगाच पसरलेली आहे. आणि समजा अखेरच्या दिवसांत श्वास थोडा मंदावला, तर तो धोका मी उघड्या डोळ्यांनी पत्करते. दुखणं थांबलं की माझा हात थांबतो. मारणाऱ्याचा हात थांबत नाही.

म्हणून तुमच्या घरात ‘आता आणखी आयसीयू नको’ असा निर्णय कुणी घेतला, तर त्याला खून म्हणू नका. चौदा महिन्यांची एक बाळी होती, मेंदू महिन्यागणिक विझवत नेणारा आजार. तिसऱ्या न्यूमोनियाच्या वेळी आम्ही आणि आईवडिलांनी ठरवलं, घशात नळी घालायची नाही. ताप, धाप आणि घशातली घरघर यांवरचं औषध घेऊन ती घरी गेली आणि चौथ्या दिवशी पहाटे आईच्या मांडीवर गेली. आई आजही विचारते, “आपण बरोबर केलं ना?” मी दर वेळी हो म्हणते, आणि दर वेळी मनापासून म्हणते.

एक मात्र ध्यानात घ्या. त्या बाळीचा मृत्यू दारात उभा होता. तुमच्या पुतण्याचा तसा आहे का, हे तुमच्या लिहिण्यावरून मला ठरवता येणार नाही. वारंवार न्यूमोनिया, उतरत चाललेलं वजन, न आवरणारे झटके, यांवर ते अवलंबून आहे. नऊ वर्षांचं असं मूल योग्य काळजीने आणखी बरीच वर्षं जगू शकतं, आणि पुढच्या आजारपणात जाऊही शकतं. त्यानुसार कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत हे बदलेल. मारायचं की नाही, हे बदलणार नाही.

इथे माझ्या बाजूची कमकुवत जागाही सांगायला हवी. काही थोडी मुलं अशी असतात की आमचं सगळं कौशल्य तोकडं पडतं. हात लागला की कातडी सोलून निघते असा एपिडर्मोलिसिस बुलोसा नावाचा आजार आहे. त्याच्या तीव्र प्रकारातल्या बाळाचं ड्रेसिंग ज्याने केलंय, तो या विषयावर मोठ्या आवाजात बोलत नाही. नेदरलँड्समध्ये एदुआर्द फेरहाखेन या बालरोगतज्ज्ञांनी अशाच अनुभवातून पुढे ग्रोनिंगन प्रोटोकॉल, म्हणजे नवजात बाळाला मरण देण्याच्या अटींची यादी, मांडली: असह्य, उपाय नसलेलं दुःख, आईवडिलांची संमती, स्वतंत्र डॉक्टरांचं मत, आणि नंतर सरकारकडे नोंद. २०२४ पासून तिथे एक ते बारा वर्षांच्या मुलांसाठीही कडक अटींवर वाट उघडली. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अट काढली, पण तिथे मुलाला स्वतःला समजून निर्णय घेता यायला हवा आणि मागणी त्याची स्वतःची हवी, म्हणजे तुमच्या पुतण्यासारख्याला ती वाट नाहीच. हे डॉक्टर राक्षस नाहीत. लपूनछपून करण्यापेक्षा उघड करा, हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक आहे.

तरी मला ते पटत नाही, याचं कारण त्यांच्याच नोंदीत आहे. नवजात बाळांच्या ज्या २२ प्रकरणांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, ती सगळी स्पायना बायफिडाची, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटलेल्या बाळांची होती. आणि कारणांच्या यादीत दुःखाबरोबर ‘पुढे स्वावलंबी होणार नाही’ हेही होतं. ही वेदना नव्हे, हे भविष्य आहे, आणि तेही आपण वर्तवलेलं. कातडी सोललेल्या बाळासाठी म्हणून मागितलेल्या दारात चालू न शकणारं बाळ आधीच उभं होतं. माझ्या बावीस वर्षांत वेदना औषधांच्या हाताबाहेर गेली अशी मुलं अगदी मोजकी, आणि त्या वेळी आम्ही त्यांना गुंगीत ठेवलं. त्यांतल्या एका रात्री कुणी मला विचारलं असतं, तर मी वरच्यासारखं छातीठोक उत्तर दिलं नसतं. पण त्या एका रात्रीवरून सगळ्यांसाठी नियम करू नये, एवढं मला कळतं.

नाझींचं उदाहरण दिलं की समोरचा चिडतो आणि ते रास्तच आहे. तुमच्या वहिनींचा त्यांच्याशी काही संबंध नाही. फक्त सुरुवात कशी झाली ते पाहा. १९३९ मध्ये एका घरातून हिटलरकडे विनंती गेली, आमच्या अपंग बाळाला मरण द्या. डॉक्टर पाठवला गेला, परवानगी मिळाली. नंतर समिती आली, फॉर्म आले, आणि किमान पाच हजार मुलं गेली. पहिली विनंती बहुधा दयेचीच होती.

आता ‘असं जगणं काय जगणं’ या वाक्याबद्दल. ते म्हणणारा बहुतेक वेळा चालता-बोलता असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या सात देशांत सेरेब्रल पाल्सीच्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांना त्यांच्याच आयुष्याबद्दल विचारलं होतं. त्यांची उत्तरं साधारणपणे इतर मुलांच्या बरोबरीची निघाली. जिथे वेदना होती तिथे मात्र समाधान कमी होतं. लगेच टाळ्या वाजवू नका, कारण ही उत्तरं देता येणाऱ्या मुलांची होती; तुमच्या पुतण्यासारखी मुलं त्यात नव्हती. तरी रोख कळतो: शत्रू वेदना आहे, चाकाची खुर्ची नाही. पुतण्यापुरतं बोलायचं तर वहिनींना एकच विचारा: तीन महिन्यांपूर्वी तो कशाने खूश व्हायचा? मला खात्री आहे, त्यांना लगेच सांगता येईल. पाणी, एखादा आवाज, बाबांचा वास, काहीतरी असेलच.

आणि ‘आमच्या मागे कोण’? याला माझ्याकडे औषध नाही, आणि खोटा धीर मी देणार नाही. पालकत्वाची कायदेशीर सोय, त्याच्या नावाने बाजूला काढलेला पैसा, नात्यातल्या दोघा-तिघांशी स्पष्ट बोलणं, एवढंच हाताशी असतं आणि ते पुरत नाही. पण हे आपल्या सगळ्यांचं अपयश आहे. त्याची शिक्षा मुलाला कशी द्यायची, ते मला समजत नाही.

पुढचं लक्ष देऊन वाचा, कारण हे तत्त्वज्ञान नाही. वहिनींना त्या वाक्यावरून रागावू नका, आणि ‘असं बोलू नये’ म्हणून विषयही मिटवू नका. एकट्यात सरळ विचारा: “तुम्ही खरंच काही करायचा विचार केलाय का? कसं, कधी?” विचारल्याने कल्पना डोक्यात घातली जात नाही, उलट ओझं हलकं होतं. आणि स्वतःचाही जीव द्यायचं मनात आहे का, हेही विचारा; थकलेल्या आईच्या मनात हे दोन्ही बऱ्याचदा एकत्र असतात. उत्तर ‘हो’ आलं किंवा टाळाटाळ वाटली, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, तोवर दोघांना एकटं सोडू नका, आणि झटक्यांची औषधं तुमच्या ताब्यात घ्या, वेळेवर द्यायची जबाबदारीही तुमची.

मुलासाठी: या आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा आणि ‘रडतो’ असं सांगू नका, ‘तीन महिन्यांपासून नवीन वेदना आहे, कारण शोधा’ असं सांगा. खुब्यांचा एक्स-रे, दात, कान, पोट, लघवी, एवढं तपासल्याशिवाय उठू नका. पोटातल्या नळीचं विचारा. मुलांची पॅलिएटिव्ह केअर टीम, म्हणजे दुखणं आणि त्रास आवाक्यात ठेवणारी टीम, जवळपास असेल तर चिठ्ठी मागा. ती टीम मरणाऱ्यांसाठीच असते हा गैरसमज आहे. तोवर एका वहीत लिहीत जा: किती वाजता रडला, तेव्हा कोणत्या कुशीवर होता, खाऊन किती वेळ झाला होता, कशाने थांबला. चार रात्रींची अशी वही मला दहा तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

ती वही वहिनींनी लिहायची नाही, तुम्ही लिहायची. झटका आला तर काय करायचं ते त्यांच्याकडून कागदावर उतरवून घ्या, अंथरूण पुतण्याच्या खोलीत टाका, आणि आज रात्री त्यांना दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू द्या.